टाळूची प्लेट आणि ‘ळ’ची परीक्षा

जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे बोलणे तपासताना मी घरच्यांचे मत ऐकून घेते, पण त्यावर विसंबत नाही. इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंना यजमानांचे प्रत्येक वाक्य समजत असे, कारण ते पुढे काय म्हणणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचे. तेच काका दुकानात हिंदी बोलू लागले की गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा विचारी.

जिभेचा पुढचा भाग काढला गेला, किंवा उरलेली जीभ व्रणाने खाली जखडली गेली, की ती टाळूपर्यंत पोहोचत नाही. प, ब, म हे ओठांचे वर्ण बहुधा शाबूत राहतात. त, ट, ल, र, ण यांची मात्र दैना होते. यावर दंतवैद्य ॲक्रिलिकची प्लेट बनवतात, जी वरच्या दातांना तारेच्या आकड्यांनी अडकते आणि जणू टाळूच जिभेच्या जवळ आणते. तिची जाडी अंदाजाने ठरवत नाहीत: प्लेटवर मऊ पदार्थाचा थर देऊन रुग्णाला बोलायला आणि गिळायला लावले की जीभ स्वतःच तिथे आपला ठसा उमटवते. थर जास्त राहिला तर जिभेला हलायला जागा उरत नाही आणि ‘स’, ‘श’ बिघडतात.

प्लेटचा उपयोग किती झाला हे पाहण्यासाठी एकाच बैठकीत प्लेट लावून आणि काढून तेच शब्द व तीच वाक्ये ध्वनिमुद्रित करावी लागतात, आणि क्रम मिसळून, कोणते कसे बोललेले आहे हे न सांगता, अनोळखी माणसांकडून ऐकलेले जसेच्या तसे लिहून घ्यावे लागते. ‘समजले का?’ या प्रश्नाला भिडेखातर सगळेच ‘हो’ म्हणतात.

आमच्याकडे आणखी एक अडचण असते. हिंदी शब्दयादीत ‘ळ’ येत नाही, आणि ‘चार’मधला ‘च’ व ‘चारा’मधला ‘च’ यांतला फरकही तिथे तपासला जात नाही. घरात मराठी बोलणाऱ्याचे मूल्यमापन त्या यादीवर करणे मला अपुरे वाटते, म्हणून मी काल-काळ, वेल-वेळ, ताक-टाक अशा जोड्या स्वतंत्रपणे घेते.

काकांचे ‘त’ आणि ‘ट’ प्लेटने स्पष्ट सुधारले. ‘ळ’ मात्र सुधारला नाही, कारण प्लेट अंतर कमी करते, पण टोक मागे वळवून झटक्यात खाली आणण्याची चपळाई जिभेला देऊ शकत नाही. त्यासाठी आता व्यायाम सुरू केले आहेत. पुढचे ध्वनिमुद्रण नव्या ऐकणाऱ्यांनाच द्यावे लागेल. जुन्यांना एव्हाना यादी पाठ झाली आहे.