प्लेऑफ शीट अपडेट: टायब्रेकर एकदाचे चालायला लागले

मंडळी, एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) स्प्रेडशीटचं काम बरंच पुढे सरकलंय, २७२ मॅचेसचे रिझल्ट टाकले की दोन्ही कॉन्फरन्सचे (लीगचे दोन भाग, प्रत्येकात चार डिव्हिजन म्हणजे गट) सात-सात सीड (प्लेऑफमधले क्रमांक) आपोआप निघतात. चार डिव्हिजन विनर वर, खाली तीन वाइल्डकार्ड (डिव्हिजन न जिंकलेल्यांतले सगळ्यात चांगले), बाय (पहिल्या फेरीला सुट्टी) फक्त पहिल्या सीडला, एवढं किरकोळ होतं. डोकं खाल्लं ते टायब्रेकरने, म्हणजे रेकॉर्ड सारखा असला की पुढे कोण हे ठरवणाऱ्या नियमांनी. आपल्याला आयपीएलची सवय, बरोबरी झाली की नजर थेट नेट रनरेटवर. इथे पॉइंटचा फरक इतका खाली ढकललाय की तिथपर्यंत प्रकरण जातच नाही सहसा, आधी हेड-टू-हेड (आपसातल्या मॅचेस), मग डिव्हिजन रेकॉर्ड, कॉमन मॅचेस (त्याच विरोधकांविरुद्धच्या), कॉन्फरन्स रेकॉर्ड, आणि वाइल्डकार्डचा क्रम परत वेगळा.

टेस्टिंगला २०२१ चा सीझन घेतला, त्याच्याइतका खट्याळ सीझन दुसरा नाही. शेवटच्या दिवशी कोल्ट्स २-१४ (२ विजय, १४ पराभव) वाल्या जॅग्वार्सकडून २६-११ ने हरले आणि सगळं रेडर्स-चार्जर्सवर येऊन ठेपलं. टाय झाली असती तर दोघंही आत आणि स्टीलर्स घरी. रेडर्सनी ओव्हरटाइमच्या शेवटी फील्ड गोल (किकचे ३ पॉइंट) मारून ३५-३२ केलं म्हणून स्टीलर्स ९-७-१ वर (शेवटचा आकडा टायचा) घुसले. मी शीटमध्ये मुद्दाम टाय टाकून बघितली. तिघंही ९-७-१! अशा वेळी आधी एकाच डिव्हिजनच्या दोघांतला (रेडर्स-चार्जर्स) एक निवडायचा, तर चार्जर्स, कारण पहिली मॅच त्यांनी मारलेली. त्यांनी स्टीलर्सनाही हरवलेलं, म्हणून ते आत. मग पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू, आता रेडर्स विरुद्ध स्टीलर्स, तिथेही हेड-टू-हेड रेडर्सकडे. हे "एक आत गेला की परत पहिल्यापासून" फॉर्म्युल्यात बसवणं म्हणजे हेल्पर कॉलमांचा नुसता पसारा, शेवटी स्क्रिप्ट लिहिली आणि सुटलो.

२०२२ साठी विजयांऐवजी टक्केवारीवर सॉर्ट लावलं. बिल्सचा डमार हॅमलिन मैदानात कोसळला ती बिल्स-बेंगल्स मॅच रद्द झाली, त्यामुळे बिल्स १३-३ आणि चीफ्स १४-३, मॅचेसच सारख्या नाहीत. ०.८१३ विरुद्ध ०.८२४, पहिला सीड चीफ्सना, शीट बरोबर सांगतंय.

पण माझं लाडकं प्रकरण २०२४ चं. एकाच डिव्हिजनचे रॅम्स आणि सीहॉक्स दोघंही १०-७, सगळ्या पायऱ्यांवर बरोबरी होत होत गाडी स्ट्रेंग्थ ऑफ व्हिक्टरीपर्यंत गेली, म्हणजे तुम्ही ज्यांना हरवलंत त्यांचा रेकॉर्ड किती चांगला. रॅम्स शनिवारी जिंकले आणि डिव्हिजन हातात आलं रविवारी, दुसऱ्यांच्या मॅचेसमुळे! त्याच सीझनला व्हायकिंग्ज १४-३ असून पाचवे, कारण त्यांच्याच डिव्हिजनच्या लायन्सनी शेवटच्या मॅचला ३१-९ ने धुतलं, मग १०-७ वाल्या रॅम्सविरुद्ध पाहुणे म्हणून जाऊन २७-९ ने बाहेर (लॉस एंजेलिसच्या आगीमुळे ती मॅच ॲरिझोनाला हलवलेली, ते सोडा). डिव्हिजन विनरला घरची मॅच द्या, पण १४ जिंकणाऱ्याला पाचवा सीड हे मला काही पटत नाही बुवा.

बाकी काय राहिलंय तर वाइल्डकार्डची कॉमन मॅचेसची पायरी, किमान चार मॅचेस असतील तरच ती लागू होते आणि तीन टीम अडकल्या की माझी स्क्रिप्ट अजून चुकीची यादी काढते. कोणी हे आधी सोडवलं असेल तर लॉजिक टाका, कोड नको, नुसत्या पायऱ्या चालतील.