उद्घाटन की उद्धाटन: ३४ इंची मॉनिटर निवडताना

माझं काम मराठी मुद्रितशोधनाचं आणि भाषांतराचं. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे भाषांतर, शिवाय मधूनमधून शब्दकोश उघडायचा. सहा वर्षं हे सगळं १५.६ इंची लॅपटॉपवर चाललं. दर दोन मिनिटांनी खिडक्या बदलायच्या, आणि बदलताना ओळ कुठे सोडली तेच विसरायचं. मान खाली घालून बसल्यामुळे संध्याकाळी खांदे भरून यायचे. शेवटी ऑगस्टमध्ये ठरवलं, घरासाठी मोठा, रुंद मॉनिटर घ्यायचा. बजेट पस्तीस हजार.

आधी घर मोजलं. भांडुपला आमचं वन बीएचके. माझं टेबल कपाट आणि भिंत यांच्यामधल्या तीन फुटांच्या जागेत बसवलेलं, त्याची खोली जेमतेम दीड फूट, आणि वर पुस्तकांची फळी. फ्रिजचं जुनं खोकं कापून ३४ इंची अल्ट्रावाइडच्या मापाचा पुठ्ठा केला: साधारण ८१ सेंटिमीटर रुंद, ३६ उंच, कडा धरून. तो टेबलावर उभा करून दोन दिवस तसाच ठेवला. रुंदीला बसत होता. फळीही आड येत नव्हती, कारण हा पडदा २७ इंचीपेक्षा वीस सेंटिमीटर रुंद असला तरी उंचीला जवळजवळ तेवढाच असतो. ३२ इंचीचा पुठ्ठा मात्र वर फळीला टेकला. इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून उंचीचा अंदाज येत नाही, हे पुठ्ठ्यामुळेच कळलं.

मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण दुकान शोधताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. सोबत अभियांत्रिकीला असलेला भाचा. गाडीतच म्हणाला, “मावशी, इंच बघू नकोस. एका इंचात पिक्सेल, म्हणजे ठिपके, किती ते बघ.”

दुकानांत सगळ्या पडद्यांवर समुद्र, पोपट, मोटारींच्या शर्यती. त्यावरून माझ्या कामाचं काहीच कळणार नव्हतं. म्हणून पेन ड्राइव्हवर माझंच एक पान नेलं होतं, १२ पॉइंटमध्ये: राष्ट्रीय, दृष्ट्या, कर्तृत्व, वाङ्मय, उद्घाटन, उद्धार, आणि मुद्दाम चुकीचा लिहिलेला ‘उद्धाटन’. त्याच पानाची छापील प्रतही पर्समध्ये होती. ती पडद्याला लावायची आणि पडद्यावरचं पान बरोबर तेवढं होईपर्यंत झूम करायचं. असं केलं नाही तर तुलना फसते. कमी पिक्सेलच्या पडद्यावर अक्षर नुसतं मोठं दिसतं आणि आपल्याला ते स्पष्ट वाटतं.

पहिला स्वस्त पडदा ३४ इंची, पण २५६० × १०८०, म्हणजे आडवे २५६० आणि उभे १०८० ठिपके. इंचाला ८२ पिक्सेल. १२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग, तेव्हा एका ओळीच्या वाट्याला उंचीत चौदाच ठिपके. रोमन अक्षराला तेवढे पुरतील. आपल्याला त्याच चौदात वेलांटी, रफार, शिरोरेघ, जोडाक्षर आणि खालचा उकार बसवायचा असतो. ‘राष्ट्रीय’मधला ‘ष्ट्री’ काळा गोळा झाला होता. ‘उद्घाटन’ आणि ‘उद्धाटन’ शेजारी शेजारी ठेवले, पडद्याजवळ नाक नेलं, तरी फरक सांगता येईना. ही चूक मी निमंत्रणपत्रिकांत, कोनशिलांवर, पाठ्यपुस्तकांच्या प्रूफात पाहिलेली आहे. ती पकडण्याचेच मला पैसे मिळतात. तो पडदा तिथेच बाद झाला.

शेजारी त्याच मापाचा ३४४० × १४४० चा होता. इंचाला ११०, म्हणजे त्याच ओळीला अठरा ठिपके. ‘ध’ची गाठ दिसली, आणि ‘घ’ त्यापासून वेगळा ओळखू आला. ३२ इंची फोर-के (३८४० × २१६०) त्याहून सरस, इंचाला १३८, ओळीला तेवीस ठिपके. अक्षरांपुरतं बोलायचं तर तोच पहिला, आणि ज्यांच्या टेबलावर फळी नाही त्यांनी तो जरूर पाहावा. मला दोन गोष्टी आडव्या आल्या. एक फळी. दुसरा माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा, वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला. पडदा जितका उंच, तितकी हनुवटी वर करून भिंगाच्या खालच्या भागातून वाचायचं. मानेसाठीच तर हा सगळा खटाटोप.

वक्र पडद्याचा आग्रह प्रत्येक दुकानदाराने धरला. “मॅडम, एकदा बसून बघा, नंतर सपाट घेणार नाही.” बसून पाहिलं. १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. मजकूर वाचायला छान वाटला, कडा जवळ येतात. पण मी तक्ते आणि पानांच्या चौकटीही तपासते. सरळ रेघ किंचित वाकलेली दिसली की रेघ वाकडी की पडदा, हा प्रश्न मला दर पानाला नको होता. शिवाय दाखवलेले वक्र पडदे व्हीए नावाच्या प्रकारच्या पॅनेलचे होते. त्यांचा काळा रंग गडद, रात्री सिनेमा पाहायला उत्तम, पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडत होते. आमच्याकडे आई दिवाणावरून, म्हणजे तिरक्याच, मालिका बघणार हे ठरलेलं. म्हणून ३४४० × १४४० चाच, पण सपाट आणि आयपीएस पॅनेलचा, ज्यात बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत.

किंमत सांगितली ३३,९०० रुपये. मी त्या दिवशी घेतला नाही, दुसरीकडे विचारायचं होतं. तेवढ्यात गणपती आले, आणि ३ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर आधीपासूनच १८ टक्के होते, त्यावरच्या मापाला २८. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांनाही १८. त्या दिवशी घटस्थापना होती. त्याच आठवड्यात पुन्हा गेले, करवजा किंमत काढून हिशोब मांडला: ३१,२५० च्या आसपास. दुकानदाराने तेवढ्यातच दिला.

पैसे देण्याआधी पडदा तिथेच चालू करून घेतला. पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी पाच चित्रं भाच्याने मोबाइलवरून पेन ड्राइव्हवर घेतली होती. काळ्यावर उजवीकडे एक हिरवा ठिपका पेटलेला राहिला. दुकानदार म्हणाला, कंपनीच्या नियमात एक ठिपका चालतो. नियमात चालत असेल, पण तो पुढची कित्येक वर्षं मला अनुस्वारासारखा दिसणार होता. दुसरं खोकं उघडायला लावलं. ते निर्दोष निघालं. टेम्पोचे सहाशे रुपये वेगळे गेले.

घरी आल्यावर खरी धडपड सुरू झाली. एचडीएमआयने जोडला तर लॅपटॉप २५६० × १०८० च्या पुढे जाईना. म्हणजे दुकानात जो बाद केला तोच पडदा घरात. दोन तास डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. भाच्याने फोनवर विचारलं, “मावशी, टाइप-सीच्या भोकाशेजारी इंग्रजी ‘डी’सारखी खूण आहे का?” होती. ती डिस्प्लेपोर्टची खूण. लॅपटॉपचं एचडीएमआय जुन्या पिढीचं, १.४ होतं. त्यातून एवढा मोठा पडदा सहसा सेकंदाला साठ वेळा ताजा होत नाही. प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर येतंच असं नाही, माझ्यातून येत होतं. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली आणि ३४४० × १४४० लगेच मिळालं. मॉनिटर घेणाऱ्याने आधी आपल्या लॅपटॉपची भोकं तपासावीत. मी ते शेवटी केलं.

सोबतचं स्टँड टेबलाची अर्धी खोली खात होतं. पडद्यामागे १०० × १०० मिलिमीटरची चार भोकं होती, म्हणून टेबलाच्या कडेला पकडणारा आर्म घेतला. सुताराने प्लायखाली लाकडी पट्टी ठोकून दिली, नुसता प्लाय दबला असता. आता पडदा भिंतीला टेकलेला, डोळ्यांपासून ६५ सेंटिमीटर. ते अंतर दोरीने मोजून दोरी चष्मेवाल्याकडे नेली आणि तेवढ्याच अंतराचा साधा चष्मा करून घेतला. प्रोग्रेसिव्हमध्ये भिंगाच्या बाजू धूसर असतात, त्यामुळे रुंद पडद्यावर सारखी मान वळवावी लागत होती.

दुपारी पश्चिमेचं ऊन येतं, म्हणून पडदा खिडकीला काटकोनात ठेवला आहे. विंडोज ११ मध्ये तीन रकाने करता येतात. ए-फोरची तीन पानं, खऱ्या मापात, ६३ सेंटिमीटरमध्ये बसतात, आणि पडदा ऐंशी सेंटिमीटरचा. मूळ मजकूर, भाषांतर, शब्दकोश. ओळ कुठे सोडली ते आता शोधावं लागत नाही.

बिलाची झेरॉक्स काढली, अनुक्रमांक वहीत लिहिला. वॉरंटी तीन वर्षांची आहे, आणि दुरुस्तीला न्यायचा झाला तर मूळ खोकं आणि थर्माकोल जपून ठेवा असं दुकानदाराने बजावलं होतं. खोकं जवळजवळ मीटरभर लांब. दिवाणाखाली मावलं नाही. आईंनी माळ्यावरची गौरीची आरास एका पेटीत बसवून त्याला जागा करून दिली.