फोंड्याचं पत्र, परदेशातला वाचक

इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोंयकार किती, हे कळायला आकडेवारी नको. बसस्टॉपवर थोडा वेळ उभं राहिलं तरी कोंकणी कानावर पडते. मी इथे एका खासगी क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. धाकटी बहीण गोव्यात फोंड्याला हाच व्यवसाय करते. त्यामुळे आमचं फोनवरचं निम्मं बोलणं कंबर आणि गुडघ्यांवरच होतं. हल्ली त्यात ईमेलची भर पडली आहे.

आमचं क्लिनिक पेशंटना महिन्याला एक ईमेल पाठवतं. त्यात सवलत नसते, ‘आजच नाव नोंदवा’ नसतं. कंबरदुखीवरच्या पत्रात काय होतं? बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत सुधारते, झोपून राहू नका, एमआरआयची घाई करू नका. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वंही सरसकट स्कॅन नको असंच सांगतात. पण दुखण्याबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर आमच्याकडे न येता थेट हॉस्पिटल गाठा, हे ठळक अक्षरांत. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच परत पाठवणारं असं पत्र लोक जपून ठेवतात. वर्षभराने खरंच दुखायला लागलं की ते पत्र शोधून फोन करतात.

बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “दादा, आमच्याकडे ईमेल कोण उघडतो? सगळं व्हॉट्सॲपवर.”

तिचं बरोबर होतं, पण अर्धंच. सत्तरीतल्या आजी ईमेल उघडणार नाहीत. त्यांचा मुलगा मात्र मस्कतला, दुबईला नाहीतर इथे इंग्लंडमध्ये ऑफिसात बसून दिवसभर तेच करतो. रविवारी फोनवर “आई, गुडघ्याचं काय?” असं विचारणारा तोच, आणि बऱ्याचदा फी भरणाराही तोच. आपली आई कोणाच्या हाती आहे, हे त्याला लांबून कळत नाही. व्हॉट्सॲपवर तोच सल्ला गेला तर वर सुप्रभातची फुलं, खाली गुडघेदुखीवर कसला तरी रामबाण काढा, आणि मध्ये आपण!

तेव्हा बहिणीनेही पत्र सुरू केलं. ते मुलांनाही जातं, पण आईला विचारून. मजकूर सगळ्यांना एकच; कुणाच्या एक्स-रेचा त्यात उल्लेख नाही. विषय गोव्याच्या वर्षाप्रमाणे ठरतात. काजूच्या हंगामाआधी वाकून बिया वेचण्याबद्दल, पावसाच्या तोंडावर लावणीबद्दल. चवथीआधीचं पत्र सर्वांत जास्त पुढे पाठवलं गेलं: नेवऱ्या करायला तासन्‌तास पाटावर बसल्यावर उठायचं कसं, आणि मधे उठणं का गरजेचं आहे. (मराठीत लिहायचं की कोंकणीत, यावर घरात वाद झाला. पत्र मराठीत निघालं, वाद अजून चालू आहे. गोव्यात दुसरं काय होणार?)

एका बाबतीत मात्र मी तिच्या मागेच लागलो. सगळे पत्ते ‘टू’ च्या रकान्यात टाकून पत्र पाठवायचं नाही. २०१५ मध्ये लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट क्लिनिकचं एक पत्र असंच गेलं. ते घेणारे ७८१ लोक होते, त्यांतले बहुतेक एचआयव्हीसह जगणारे, आणि प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसले, बहुतेकांची नावंसुद्धा. चालवणाऱ्या ट्रस्टला पुढच्या वर्षी १ लाख ८० हजार पौंडांचा दंड झाला. फोंड्यासारख्या गावात दंडाचं सोडा. कोण कुठे उपचार घेतं हे एकदा बाहेर पडलं की बाजारात पोचायला संध्याकाळही लागत नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवणारी सेवा वापरायची, आणि खाली ‘पत्र बंद करा’ ची सोय ठेवायची. किती जणांनी उघडलं हा आकडा बघत बसू नये. २०२१ पासून ॲपलच्या मेलमुळे तो तसाही फुगतो; न उघडलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. उत्तरं किती आली ते बघावं.

आखातातून एकाचं उत्तर आलं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). गुडघ्याच्या झिजेत सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो, असं पत्रात होतं. आईचे हात आणि गुडघे तर दोन तास धरलेले असतात, असं त्याने कळवलं. बहिणीने त्या बाईंना व्यायाम सुरू न करता आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिची फी बुडाली. महिन्याभरात त्याच घरातले काका खांदा घेऊन आले.

पुढचं पत्र म्हणूनच जखडलेल्या खांद्यावर आहे. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक होतं ते गोव्यात, २६.४ टक्के. तुमचे आईबाबा तिकडे असतील, तर हात वर करून केस विंचरता येतात का, एवढं रविवारच्या फोनवर विचारून घ्या.