माणसं पाण्यात असताना म्हशी कसल्या काढताय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, मदतीचे टेम्पो घेऊन येणारी मंडळीही विचारतात: डॉक्टर, पुरात माणसं अडकलीत आणि तुम्ही जनावरांच्या मागं? मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला पशुवैद्य. आमच्याकडं म्हैस निघाल्याशिवाय माणूस निघत नाही, एवढंच खरं तर उत्तर आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे 43. नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते, त्यामुळं दोन्ही नद्यांचं पाणी एकदमच चढतं. त्या दिवसांत बोट दाराशी लागली तरी माळ्यावरून खाली न उतरणारी माणसं मी पाहिलीत. एका आजींनी वरूनच विचारलं, "म्हस न्हेणार काय? मग येतो. न्हाईतर हितंच ऱ्हातो." बोटीवरचे जवान वैतागले. पण आजींचा हिशेब पक्का होता. उसाचं बिल यायला वर्ष जातं, दुधाचं दर दहा दिवसांनी हातात पडतं. चांगली मुऱ्हा जातीची म्हैस लाखाच्या घरात जाते. त्या वेळच्या सरकारी निकषात दुभतं जनावर दगावलं तर 30,000 रुपये, तेही पंचनामा झाल्यावर, आणि घरटी जास्तीत जास्त तीन जनावरांचे. तुम्ही असता तर उतरला असता का?

हे काही आमच्याच मुलखाचं नाही. 2005 च्या कॅटरिना वादळात अमेरिकेतही पाळीव प्राणी सोडून यायचं नाही म्हणून लोक घरात बसून राहिले. दुसऱ्याच वर्षी तिथं कायदा झाला, की स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार हवा. आमच्याकडं अजून सगळं त्या-त्या तलाठ्याच्या आणि सरपंचाच्या हुशारीवर चालतं.

पण खरं दुखणं पाणी ओसरल्यावर सुरू होतं.

गोठ्यात गुडघाभर गाळ. शेण, मूत, मेलेले उंदीर, गावाचं सांडपाणी, सगळं त्यातच. बाया अनवाणी उतरून तो पाट्यांनी उपसतात. टाचांना भेगा असतात. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू उंदराच्या मुतातून येतात हे आता सगळ्यांना माहीत झालंय. गाय, म्हैस, कुत्रं, डुक्कर यांच्या मुतातूनही ते येतात, हे फारसं कुणी सांगत नाही. जनावर वरून ठणठणीत दिसतं, रवंथ करत असतं. जंतू ओल्या मातीत कित्येक आठवडे टिकतात आणि भेगेतून, ओरखड्यातून आत शिरतात. लोक मेलेल्या जनावराच्या वासाला घाबरतात. माझी भीती जिवंत जनावराच्या पायाखालच्या चिखलाची.

म्हणून आम्ही फेरी आशाताईंबरोबर, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांबरोबर, काढायला लागलो. मी गोठ्यात शिरायचो: म्हैस गाभडली का, म्हणजे गर्भ पडला का, लघवी लाल आहे का. त्या घरात विचारायच्या: ताप कुणाला, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झालेत का. एकाच घरात दोन्हीकडं होकार आला, की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन. लेप्टोवरच्या डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या तिथूनच, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. गरोदर बाई आणि लहान पोर वगळूनच, हे आशाताई शंभरदा बजावायच्या. कागदावर मात्र ताप आरोग्य खात्याचा, गाभडलेली म्हैस पशुसंवर्धनची, विहिरीतलं पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर ग्रामपंचायतीची. तीन वह्या, आणि एकमेकींत कधी डोकावत नाहीत.

मेलेलं जनावर पुरायचं म्हटलं तरी तेच. नदीकाठच्या मळीत जेसीबीनं खड्डा काढला की खालून पाणी लागतं. त्यात पुरलं तर ते शेजारच्या विहिरीत झिरपणार. माळावर न्यावं तर तिथला मालक आडवा येतो. चुन्याची पोती कमी आणि भांडणं फार. एक सांगतो, अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळसर रक्त आलं असेल तर कातडं सोडवायच्या फंदात पडू नका. काळपुळी (अँथ्रॅक्स) असेल तर तो रोग माणसालाही धरतो.

आणि मदतीनंही जनावरं आजारी पडतात, बरं का. छावणीत चपात्या, भात, पाव इतका आला की उरलेला लोकांनी मायेनं म्हशींपुढं ओतला. चार दिवस उपाशी जनावर, समोर पाटीभर भात. पोटात आम्ल झालं, रवंथ बंद, म्हशी बसल्या. खाण्याच्या सोड्याचं पाणी पाजून काही उठवल्या, काही उठल्याच नाहीत. पुरात वाचलेल्या होत्या त्या.

माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आरोग्याकडं एकत्र बघायचं, हल्ली याला वन हेल्थ म्हणतात. डिसेंबर 2022 मध्ये नागपुरात त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणीही झाली. चांगलंच आहे. शिरोळला पाणी चढायच्या आत त्या तीन वह्या एका टेबलावर आल्या तर आणखी चांगलं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, काय पाठवू? साड्या पुरे झाल्या. कोरडा कडबा पाठवा, मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, बॅगा पाठवा, पाऊस लागायच्या आधी जनावरांच्या घटसर्पाच्या लसीकरणाला चार हात पाठवा. आणि गमबूट. बायकांच्या मापाचे बघून घ्या. गेल्या खेपेला आले ते सगळे नऊ नंबरचे होते.