नाव बदललं तरी रांगेतच!

युरोपियन युनियनवाले किती अंत बघतात ते मॅसेडोनियाला विचारा. २००५ पासून युनियनच्या सदस्यत्वाचा उमेदवार, पण ग्रीस म्हणे मॅसेडोनिया हा तर आमचा प्रांत, आधी देशाचं नाव बदला मग बघू. बदललं ना राव! २०१८ ला ग्रीससोबत नाव बदलण्याचा प्रेस्पा करार केला, २०१९ ला उत्तर मॅसेडोनिया झाले, तर त्याच वर्षी फ्रान्स आडवा आला आणि २०२० ला बल्गेरिया, का तर म्हणे तुमची भाषा आमचीच बोली, आणि आता राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख पण हवाय. नवा देश घ्यायला सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं ना, त्यामुळे कुणीही एकटा खोडा घालू शकतो, मला तर हा नियमच डोक्याबाहेरचा वाटतो. इतकी वर्षं याच रांगेत सोबत अडकलेला शेजारचा अल्बेनियासुद्धा २०२४ ला पुढे सटकला.