तीन नंबरच्या सिलिंडरवरचा काळा पट्टा

खंडाळ्याच्या घाटात फट्-फट् करत कशीबशी चढलेली १९६९ सालची फोक्सवॅगन व्हॅन सोमवारी सकाळी शिवडीला आमच्या गॅरेजात आली. इंजिन १६०० सीसीचं, एअरकूल्ड, वर्षभरापूर्वी दुसरीकडे बांधलेलं. इंजिन गरम असतानाच चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला. बाकीचे तीन सिलिंडर चौरस सेंटिमीटरला साडेसात किलोच्या आसपास, तीन नंबरचा मात्र साडेचार. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं तर त्या सिलिंडरच्या वरच्या काठावर काजळीचा बोटभर पट्टा, आणि हेडच्या बैठकीत त्याचाच ठसा.

या इंजिनात सिलिंडर आणि हेड यांच्यामध्ये पॅकिंग नसतं, धातूवर धातू बसतो. काठ जरा वाकडा झाला की जळता गॅस तिथूनच वाट काढतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजायला गेज लावला. वरच्या बाजूला उभं आणि आडवं माप यांत ०.०९ मिमीचा फरक! सिलिंडर अंडाकार झाला होता.

कारण बोअरच्या आकड्यातच होतं. मूळ बोअर ८५.५ मिमी, इथे घातले होते ८७ मिमीचे सिलिंडर आणि पिस्टन. हा सेट ब्लॉक किंवा हेड न कापता सरळ बसतो, म्हणून लोक तो घेतात. पण बाहेरचा व्यास तोच ठेवून आतून दीड मिमी वाढवायचं म्हणजे भिंतीतून सगळीकडे पाऊण मिमी लोखंड गेलं. ही भिंत स्टडच्या, म्हणजे हेड आवळणाऱ्या लांब बोल्टच्या, ताणाखाली हेड आणि ब्लॉकमध्ये चेपलेली असते. त्यात या मॉडेलचा ऑइल कूलर पंख्याच्या घरातच असतो, त्याची गरम हवा तीन नंबरवर पडते. वरून मागच्या मिस्त्रीने सिलिंडरखालचे हवा वळवणारे पत्रे बसवलेच नव्हते. ते क्षुल्लक दिसतात, पण त्यांच्यावाचून हवा सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या फिनांच्या खालच्या अर्ध्या भागाला न लागताच निघून जाते. आणि मिळालं काय? नेमके मूळचे १५८४ चे १६४१ सीसी.

मालक म्हणाले, "एवढं उघडलंय तर मोठाच बोअर घालू ना?" ९०.५ चा सेट खरोखर चांगला आहे, भिंत जाड असते, १७७६ सीसी होतात. पण त्यासाठी ब्लॉक आणि दोन्ही हेड कापावी लागतात, ती भोकं क्रँकला बरोबर काटकोनात यावी लागतात, आणि मॅग्नेशियमच्या ब्लॉकमधून एकदा गेलेला धातू परत येत नाही. शिवाय वाढलेली उष्णता त्याच जुन्या कूलरने आणि एकाच छोट्या कार्ब्युरेटरवर सांभाळायची. माणसं आणि सामान भरून सायनच्या सिग्नलला उभ्या राहणाऱ्या व्हॅनसाठी मी ८५.५ चाच नवा सेट सांगितला.

नवा सेट आला तरी खोक्यावरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. पिस्टन तोलले, सगळ्यात जड आणि हलक्यात १३ ग्रॅमचा फरक. मर्यादा १० ग्रॅमची, त्यामुळे जड पिस्टनचं आतलं जादा ॲल्युमिनियम घासून फरक ४ ग्रॅमवर आणला. रिंगा एकेक करून सिलिंडरच्या खालच्या टोकातून पिस्टननेच ५ मिमी आत ढकलल्या आणि फिलर गेज घातला. कॉम्प्रेशन रिंगेला ०.३० ते ०.४५ मिमी फट हवी. दोन रिंगांत ०.२२ च भरली. अशीच बसवली असती तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडून रिंग अडकली असती. कानस बाहेरून आतल्या बाजूला एकाच दिशेने चालवून ०.३५ केली.

सगळ्यात जास्त वेळ गेला लांबी मोजण्यात. सरफेस प्लेटवर चारही सिलिंडर उभे करून बुडाच्या बैठकीपासून वरच्या काठापर्यंत मापं घेतली, त्यांत एक जोडी ०.०५ मिमीने आखूड निघाली. एका हेडखाली दोन सिलिंडर असतात, ते दोन सारखेच हवेत, नाहीतर आखूड सिलिंडरवर दाब कमी पडून पुन्हा तोच काळा पट्टा. आखूड जोडी १-२ ला दिली, लांब जोडी ३-४ ला.

मग रिंगांशिवाय पिस्टन चढवून, सिलिंडर नळीचे तुकडे आणि नटांनी आवळून डायल गेजने डेक, म्हणजे वर आलेला पिस्टन आणि सिलिंडरचा काठ यांतलं अंतर, मोजला. पिस्टन काठाच्या १ मिमी खाली थांबत होता. हेडमधले इंधन जळायचे खोलगट चेंबर ब्युरेटने, म्हणजे खुणांच्या मापाच्या नळीने, भरून पाहिले तर ४८ सीसी, म्हणजे हेड आधी कधीतरी तासलेलं. या हिशेबाने कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ८.४ येत होता, ओझ्याच्या व्हॅनला जास्त. सिलिंडरच्या बुडाखाली ०.५ मिमीचा शिम (पातळ चकती) घालून डेक दीड मिमी केला, रेशो ८.० वर आला. प्रत्येक चेंबर घासून ५० सीसी केला तेव्हा ७.८ झाला. नुसते शिम वाढवत गेलो असतो तर आकडा जुळला असता, पण डेक फार मोठा झाला की मिश्रण नीट घुसळत नाही आणि खटखट वाढते.

जोडताना पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे, रिंगांच्या फटी १२० अंशांवर, ऑइल रिंगची फट वर. हेडचे नट आधी सगळे १० न्यूटन मीटरवर, नंतर ठरलेल्या क्रमाने ३२ वर. पत्रे अर्थातच हेड चढवण्याआधी. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, फट थंड इंजिनवर ०.१५ मिमी.

८०० किलोमीटरनंतर गाडी परत आली. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत साडेआठ ते नऊ, तीन नंबर ८.७. टॅपेट पुन्हा लावले, तेल बदलून दिलं.