टायटनवरील कादंबरी वाचकांपर्यंत नेताना : प्रगतीची नोंद

शनीच्या टायटन या चंद्रावर घडणारी माझी विज्ञान कादंबरी ई-पुस्तकाच्या रूपाने उपलब्ध झाल्यानंतरची ही पहिली सविस्तर नोंद आहे. यापूर्वीच्या नोंदी लेखनाच्या, म्हणजे कक्षा, तापमान, वातावरण आणि पात्रे यांचा मेळ बसवण्याच्या होत्या. आताचे काम निराळे आहे. ज्याच्या पाठीशी प्रकाशनसंस्था नाही, वितरक नाही आणि जाहिरातीसाठी बाजूला काढलेली रक्कमही नाही, अशा लेखकाने आपले पुस्तक अनोळखी वाचकाच्या हाती कसे द्यावे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांपुढे आहे. गेल्या काही महिन्यांत जे करून पाहिले, त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. विज्ञानकथेच्या प्रसिद्धीचे सर्वांत सशक्त साधन त्या कथेतले विज्ञानच असते. मात्र ते माहिती म्हणून सांगून चालत नाही, वाचकाला ते क्षणभर का होईना, अनुभवायला मिळावे लागते.

सुरुवात परिचयाच्या मजकुरापासून केली, कारण विक्रीच्या पानावर मुखपृष्ठाखालोखाल वाचक तोच पाहतो. विज्ञान कादंबऱ्यांचे अनेक परिचय मी ओळीने वाचून काढले, तेव्हा मानवजातीचे भवितव्य, थरारक प्रवास, अनाकलनीय रहस्य हे शब्द इतक्या वेळा समोर आले की एका पुस्तकाचा परिचय उचलून दुसऱ्यावर चिकटवला तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही, असे वाटले. म्हणून मी स्वतःला एकच अट घातली. पहिले वाक्य असे असले पाहिजे, की ते टायटनखेरीज दुसऱ्या कोणत्याही जागेबद्दल खरे ठरू नये. बऱ्याच खाडाखोडीनंतर ते वाक्य असे झाले : ‘या समुद्रात बर्फ बुडतो, पाऊस रेंगाळत पडतो आणि उघड्यावर काडी पेटत नाही.’

या वाक्यातल्या प्रत्येक तुकड्यामागे हिशेब आहे. टायटनच्या उत्तर ध्रुवाकडचे समुद्र द्रवरूप मिथेन आणि इथेन यांचे आहेत. त्या द्रवाची घनता पाण्याच्या साधारण निम्मी असल्यामुळे पाण्याचा घट्ट बर्फ त्यात तळाला जातो, आणि माणूसही तरंगू शकत नाही. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक सप्तमांश आणि पृष्ठभागाजवळची हवा आपल्या हवेच्या चौपटीहून अधिक दाट, त्यामुळे जवळजवळ 1 सेंटीमीटर व्यासाचे मिथेनचे थेंब सेकंदाला अवघ्या 1.6 मीटर वेगाने, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाच्या गतीने खाली येतात. पृथ्वीवरचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने कोसळतो. आणि नायट्रोजन व मिथेनच्या त्या हवेत मुक्त ऑक्सिजन नसल्यामुळे भोवती एवढे इंधन असूनही काहीही पेटत नाही. यातला एकही आकडा परिचयात घेतलेला नाही. आकडे लेखकाजवळ असावेत आणि वाचकाला त्यांचा परिणाम दिसावा, असे मला वाटते.

पहिले वाक्य एकटेच राहिले असते तर तो परिचय विश्वकोशातल्या नोंदीसारखा झाला असता. म्हणून त्याला लागून दुसरे वाक्य आहे : ‘तळावरच्या सात जणांना श्वास पुरवणारे यंत्र बंद पडले आहे, आणि पृथ्वीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला दोन तास चाळीस मिनिटे लागतात.’ पहिल्या वाक्याने जागेविषयी कुतूहल निर्माण होते आणि दुसऱ्याने त्या जागेत अडकलेल्या माणसांविषयी काळजी. या दोन्हींचा क्रम उलटा करूनही पाहिला, पण तेव्हा ती कोणत्याही खाणीत किंवा पाणबुडीत घडू शकणारी गोष्ट वाटू लागली. पुढे दोन छोटे परिच्छेद आहेत आणि तेथे परिचय संपतो. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तक सेवेवर, वर्णनासाठी 4000 अक्षरांपर्यंत जागा मिळते, परंतु ती भरलीच पाहिजे असे नाही.

मुखपृष्ठाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. टायटनवरची कादंबरी म्हटली की आकाशात कडी मिरवणारा भव्य शनी असणार, अशी प्रत्येकाची अपेक्षा असते, आणि चित्रकारानेही पहिल्या कच्च्या रेखाटनात तो काढलाच होता. चित्र देखणे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु टायटनभोवती नारिंगी धुरकट थर इतका दाट आहे की पृष्ठभागावर उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी शनी दिसणार नाही. दिवसाचा उजेडही पृथ्वीवरच्या उजेडाच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याएवढा, सूर्यास्तानंतरच्या संधिप्रकाशासारखा असतो. ज्या पुस्तकाचे पहिले प्रकरणच ‘वर पाहण्यासारखे काही नाही’ या जाणिवेने सुरू होते, त्याच्या मुखपृष्ठावर शनी ठेवणे म्हणजे पुस्तकाने स्वतःलाच खोडून काढण्यासारखे होते. आम्ही शनी काढून टाकला. आता तेथे नारिंगी धुके आहे, काळसर समुद्र आहे आणि अंतराळपोशाखाच्या काचेवरून संथपणे ओघळणारे टपोरे थेंब आहेत.

या निर्णयाचा प्रसिद्धीला उपयोग झाला, तो मात्र अनपेक्षित रीतीने. मुखपृष्ठ जाहीर करताना मी त्यासोबत ‘या मुखपृष्ठावर शनी का नाही?’ या शीर्षकाचे छोटे टिपण लिहिले आणि त्यात धुक्याचे कारण समजावून सांगितले. त्या टिपणाखाली जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या ‘पुस्तक प्रसिद्ध झाले’ या घोषणेखाली झाली नाही. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात काय दिसेल, शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाने त्या धुक्यातून पृष्ठभाग कसा टिपला, असे प्रश्न विचारणारे जे लोक तेथे आले, तेच या कादंबरीचे खरे वाचक होते, आणि त्यांना शोधायला मला कोठेही जावे लागले नाही.

मुखपृष्ठाबाबत एक तांत्रिक गोष्ट देवनागरीत लिहिणाऱ्या सर्वांसाठी महत्त्वाची आहे. किंडलसाठी 2560 बाय 1600 पिक्सेलचे चित्र सुचवले जाते, पण वाचक ते प्रथम पाहतो ते नखाएवढ्या आकारात. त्या आकारात बारीक वळणाच्या टंकातली (फाँटमधली) शिरोरेषा पुसट होते, मात्रा व अनुस्वार नाहीसे होतात आणि शीर्षक वाचताच येत नाही. जाड, मोकळ्या वळणाचा टंक घेऊन अक्षरे फिकट रंगात ठेवली आणि चित्र मोबाइलच्या पडद्यावर अगदी लहान करून पाहिले, तेव्हा कोठे शीर्षक स्पष्ट उमटले.

आरंभीच्या पानांचीही फेररचना केली. खरेदीपूर्वी मोफत वाचायला मिळणारा नमुना साधारणपणे पुस्तकाचा पहिला दहावा हिस्सा असतो. त्यात अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, मनोगत आणि पात्रपरिचय यांनीच जागा व्यापली तर कथेला उरते काय? माझ्या पुस्तकात हे सारे आता शेवटी आहे. नमुना जेथे तुटतो त्या जागेचाही अंदाज घेतला आणि यंत्र बंद पडण्याचा प्रसंग त्याच्या आत येईल, असे पहिल्या तीन प्रकरणांचे संपादन केले.

आता या टप्प्यावरच्या सर्वांत आवडत्या प्रयोगाविषयी लिहितो. कादंबरीच्याच विश्वात घडणारी एक स्वतंत्र लघुकथा मी केवळ पत्ररूपाने लिहिली. थोरली बहीण पृथ्वीवर, धाकटी टायटनच्या तळावर, आणि दोघींमधला संदेशव्यवहार हीच कथा. सूर्यापासून शनीचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या साडेनऊपट आहे. तेवढे अंतर कापायला प्रकाशाला सुमारे 80 मिनिटे लागतात, आणि ग्रहांच्या स्थितीनुसार पृथ्वीवरून ही वेळ साधारण 67 ते 92 मिनिटांच्या दरम्यान बदलते. मी 80 मिनिटे धरली. वाचकाने नाव नोंदवले की त्याला लगेच थोरलीचे पत्र मिळते : ‘झडप उघडू नकोस. आधी दाब सांग.’ त्यानंतर काहीही येत नाही. ठरावीक वेळी ई-पत्रे पाठवणाऱ्या सेवेत मी अशी व्यवस्था केली आहे की धाकटीचे उत्तर बरोबर दोन तास चाळीस मिनिटांनी येते : ‘ताई, तुझा निरोप पोहोचला तेव्हा झडप उघडून झाली होती.’

कादंबरीत हा विलंब मी अनेक ठिकाणी वर्णिला आहे, पण वर्णन वाचणे वेगळे आणि स्वतः वाट पाहणे वेगळे. अनेकांनी कळवले की मधल्या वेळात त्यांनी पुन्हा पुन्हा टपालपेटी उघडून पाहिली. एका वाचिकेने तर थांबण्याऐवजी धाकटीला स्वतःच पत्र लिहिले, झडपेपाशी काय खबरदारी घ्यावी याच्या सूचनांसह. तिला मी धाकटीच्या वतीने उत्तर दिले, आणि तेही दोन तास चाळीस मिनिटे थांबूनच. ही कथा विनामूल्य आहे, ती कादंबरीतला कोणताही प्रसंग उघड करत नाही आणि शेवटच्या पत्रानंतर कादंबरीचा केवळ एका ओळीत उल्लेख येतो. या मार्गाने आलेले वाचक कादंबरी शेवटपर्यंत वाचतात आणि वाचून झाल्यावर लिहितात, हा फरक मला त्यांच्या पत्रांतून जाणवतो. ज्यांच्या कथेत अंतर, वेळ किंवा संपर्क यांना महत्त्व आहे, त्यांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा. मंगळाची कथा असेल तर विलंब काही मिनिटांचाच ठेवावा लागेल, आणि त्याचा ताण निराळ्या प्रकारचा असेल.

विक्रीच्या व्यवस्थेबाबत थोडक्यात. किंडलच्या ‘सिलेक्ट’ योजनेत पुस्तक घातले तर 90 दिवसांसाठी त्याची डिजिटल आवृत्ती अन्यत्र देता येत नाही. त्या मोबदल्यात सभासद वाचकांनी वाचलेल्या पानांवर मानधन मिळते आणि त्या मुदतीत पाच दिवस पुस्तक मोफत ठेवता येते. माझा विचार काही प्रकरणे इतरत्र खुली ठेवण्याचा असल्यामुळे मी त्या योजनेबाहेर राहिलो. ज्यांना एकाच ठिकाणी लक्ष केंद्रित करायचे आहे, त्यांच्यासाठी ती योजना वाईट नाही. शोधशब्दांसाठी सात जागा असतात. त्यांत शीर्षकातलेच शब्द पुन्हा भरू नयेत, वाचक प्रत्यक्षात जे शोधतो ते द्यावे.

अभिप्रायांच्या बाबतीत मी एक तत्त्व कटाक्षाने पाळतो. आगाऊ प्रत देताना अभिप्राय लिहिलाच पाहिजे अशी अट घालत नाही, चांगलाच लिहा असे तर मुळीच म्हणत नाही. पैसे देऊन किंवा घरच्यांकडून लिहून घेतलेले अभिप्राय अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत, पण नियम नसता तरी मी ते घेतले नसते. विज्ञानकथेचा वाचक बारकाईने वाचतो. त्याला खोटी स्तुती ओळखू येते आणि एकदा विश्वास उडाला की तो त्या लेखकाकडे परत वळत नाही. आगाऊ प्रती मी निवडून दिल्या : खगोलशास्त्राचे विद्यार्थी, हौशी आकाशनिरीक्षक आणि केवळ कथेच्या ओढीने वाचणारे, अशा तीन प्रकारच्या वाचकांना. तिसऱ्या गटाचे अभिप्राय मला सर्वाधिक मोलाचे वाटले, कारण विज्ञानाची पूर्वतयारी नसलेला वाचक कोठे अडखळतो, ते त्यांच्यामुळेच कळते, आणि प्रसिद्धीच्या मजकुरात कोणती गोष्ट आधी सांगायला हवी, तेही.

प्रसिद्धीसाठी अंतराळसंस्थांची छायाचित्रे वापरणाऱ्यांनी वापराच्या अटी नीट वाचाव्यात. नासाची बहुतेक छायाचित्रे स्वामित्वहक्काने बांधलेली नसतात, तरीही श्रेय देणे आणि संस्थेने पुस्तकाला मान्यता दिली आहे असा समज होऊ न देणे आवश्यक असते. बोधचिन्ह तर वापरूच नये. हायगेन्स यान 14 जानेवारी 2005 रोजी टायटनवर उतरले, तेव्हा तेथून आलेल्या गोलसर बर्फाच्या गोट्यांच्या छायाचित्रात युरोपीय अंतराळसंस्थेचाही वाटा आहे, त्यामुळे तिच्या अटी वेगळ्या पाहाव्या लागतात. मी ते छायाचित्र न वापरता त्याचे शब्दांत वर्णन केले आणि त्यावर एक ध्वनिमुद्रित अभिवाचन तयार केले. अभिवाचन लहान ठेवावे. पाच-सात मिनिटांत एक प्रसंग पूर्ण होईल असा उतारा निवडला तर ऐकणारा टिकून राहतो.

पुढील आखणी अशी आहे. नासाचे ड्रॅगनफ्लाय हे रोटर असलेले यान 2028 मध्ये निघून 2034 मध्ये टायटनवर पोहोचावे, असे नियोजन आहे. ते विषुववृत्तानजीकच्या वाळूटेकड्यांच्या प्रदेशात, सेल्क विवराच्या परिसरात उतरणार आहे. माझी कादंबरी उत्तरेकडच्या लायजिया समुद्राकाठी घडते, म्हणजे दोन्ही जागा परस्परांपासून दूर आहेत. म्हणून पुढची दीर्घकथा मी सेल्कच्या परिसरात योजली आहे आणि ती यानाच्या उड्डाणापूर्वी वाचकांच्या हाती द्यायची आहे. त्या काळात टायटनविषयी सर्वत्र बोलले जाईल, नवे वाचक माहिती शोधत येतील, आणि त्यांना त्या वाळूत पाय ठेवता येईल अशी एक कथा तयार असावी, अशी माझी इच्छा आहे. टेकड्यांमधल्या वाऱ्याची दिशा आणि तेथल्या सेंद्रिय कणांचे स्वरूप यांचे वाचन सुरू आहे. पत्ररूप कथेचा दुसरा भागही त्याच दीर्घकथेला जोडलेला असेल आणि त्यात या वेळी तीन जण परस्परांना लिहितील. तिसरी व्यक्ती शनीच्या कक्षेतल्या यानात असल्यामुळे तिचे उत्तर काही सेकंदांत येते, तर थोरल्या बहिणीला मात्र पूर्वीइतकेच थांबावे लागते. या दोन वेगवेगळ्या विलंबांची घडी ई-पत्रांच्या वेळापत्रकात कशी बसवावी, याची चाचणी चालू आहे. ज्यांना चाचणीवाचक व्हायचे आहे, त्यांनी जरूर कळवावे.